पहूरचा कापूस, फैजपूरचं अधिवेशन आणि युरोपचा प्रश्न: डावीकडे झुकलेले पक्ष अजून डावे आहेत का?

दिवाळीनंतर जळगावहून अजिंठ्याकडे निघालात की पहूरला गाडी हळू होते. कारण गर्दी. रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकलेली, त्यावर पांढऱ्या कापसाचा ढीग, बाजूला वजनकाटा आणि मोबाईलवर बोलणारा व्यापारी. याला आमच्याकडे 'खेडा खरेदी' म्हणतात. शेतकरी पोतं आणतो, व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, दाबतो, ओल आहे म्हणतो आणि भाव सांगतो. तो भाव हमीभावापेक्षा कमी असला तरी बरेच जण देऊन टाकतात. वेचणीवाल्या बायांची मजुरी त्याच आठवड्यात द्यायची असते, आणि सरकारी खरेदीची रांग त्या आठवड्यात संपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पहूरच्या कापसाचा आणि युरोपातल्या राजकारणाचा काय संबंध?

सध्या युरोपात एक वाद रंगलाय. ब्रिटनचा लेबर पक्ष, जर्मनीचा एसपीडी, फ्रान्सचे समाजवादी, डेन्मार्कचे सोशल डेमोक्रॅट हे सगळे स्वतःला डावीकडे झुकलेले म्हणवतात. पण सत्तेत आल्यावर ते खरंच डावी धोरणं राबवतात का? की नाव जुनं आणि दुकान नवं? हाच प्रश्न महाराष्ट्राला विचारायचा झाला तर सुरुवात जळगाव जिल्ह्यातूनच करावी लागते. कारण काँग्रेसच्या डावेपणाचं एक मोठं पान इथेच लिहिलं गेलंय, आणि पुसलं गेलं तेही आमच्या शेताच्या बांधावर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू: 'डावं' म्हणजे काय?

गरिबांना काहीतरी देणं म्हणजे डावं, असं आपण सहज समजतो. तसं असतं तर आज देशातला प्रत्येक पक्ष डावा ठरेल. मी या लेखापुरत्या तीन कसोट्या धरल्या आहेत. पहिली, बाजारात बलवान माणसाला रोखायला सरकार स्वतः उतरतं का. दुसरी, जे मिळतं ते कायद्याने मागता येणारा हक्क आहे, की नेत्याने दिलेली ओवाळणी. आणि तिसरी, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ती: पैसा कुणाच्या खिशातून येतो.

1936: गावात भरलेलं पहिलं अधिवेशन

27 आणि 28 डिसेंबर 1936. यावल तालुक्यातलं फैजपूर. तोवर काँग्रेसची अधिवेशनं शहरांत व्हायची, ग्रामीण भागात भरलेलं हे पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून 'टिळकनगर' उभं केलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. साने गुरुजी अधिवेशनाच्या तयारीसाठी खानदेशात गावोगाव फिरत होते. शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी चालत फैजपूरला आला होता.

इथे काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. शेतसारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना सूट द्या, कर्जवसुली थांबवा, वेठबिगार बंद करा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या. आजच्या कुठल्याही जाहीरनाम्यात शोभेल अशी यादी, फक्त तिच्यात फुकट काही नाही. सगळे हक्क आहेत.

पण पक्ष एकमुखी होता असं समजू नका. त्याच वर्षी नेहरूंच्या समाजवादी भाषणांवर नाराज होऊन वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद यांच्यासह कार्यकारिणीतल्या काही सदस्यांनी राजीनामे पुढे केले होते. आणि फैजपूरनंतर दोन वर्षं होतात न होतात तोच मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद विधेयक आणलं. त्याविरोधात 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले.

म्हणजे अधिवेशनात डावं आणि सत्तेत उजवं ही तक्रार ब्लेअर जन्माला येण्याच्या आधीची आहे.

मग महाराष्ट्रात काँग्रेसने डावं काही केलंच नाही का?

केलं. आणि त्यातल्या दोन गोष्टी खरोखर मोठ्या होत्या.

एक म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. यात महत्त्वाचं काय? मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाही दिलं तर भत्ता. पुढे 2005 मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला त्याचं मूळ हे.

यातली तिसरी कसोटी मात्र गमतीची आहे. योजनेचा पैसा मुख्यतः कुठून आला? व्यवसाय करातून. तुमच्या आई-बाबांच्या पगारपत्रकावर दरमहा कापले जाणारे ते दोनशे रुपये आठवतात? तोच. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराकडून पैसा आला आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळालं. गावातला मोठा बागायतदार, जो त्या काळात काँग्रेसचा कणा होता, त्याच्या शेती उत्पन्नाला फारसा धक्का लागला नाही. गरिबाला द्यायचं, पण आपल्या माणसाकडून घ्यायचं नाही. डावेपणाची ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

दुसरी गोष्ट आमच्या जवळची: कापूस एकाधिकार खरेदी योजना.

सरकार हाच एकमेव व्यापारी

वसंतराव नाईकांच्या सरकारने 1971 मध्ये कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस विकत घ्यायचा अधिकार फक्त सरकारी यंत्रणेकडे आला. खासगी व्यापाऱ्याला बंदी. शेतकऱ्याने कापूस केंद्रावर आणायचा, प्रत लावून घ्यायची, ठरलेली किंमत घ्यायची. पुढे रुई आणि गाठी विकून नफा झाला तर त्यातला वाटाही मिळायचा. युरोपातल्या समाजवाद्यांनाही हेवा वाटावा इतकं हे सरळ डावं धोरण होतं: दलाल बाजूला, सरकार मध्ये.

चाललं का? काही वर्षं बरं, मग अवघड. चुकारे हप्त्यांनी आणि उशिरा मिळायचे. प्रतवारीवरून भांडणं व्हायची. आणि खानदेशचा नकाशा बघा. इकडे मध्य प्रदेश, तिकडे गुजरात. बाहेर भाव जास्त असला की इथला कापूस रातोरात सीमेपलीकडे जायचा. इथे भाव जास्त असला की पलीकडचा कापूस आमच्या केंद्रांवर यायचा. एका राज्यापुरती मक्तेदारी म्हणजे तीन भिंतींचं घर. शरद जोशींची शेतकरी संघटना तर म्हणायचीच, की ही मक्तेदारी मोडा आणि शेतकऱ्याला हवं तिथे विकू द्या.

90 च्या दशकात हमी किंमत बाजारापेक्षा वर ठेवली गेली आणि तोटा फुगत गेला. युतीच्या सरकारनेही, म्हणजे शिवसेना आणि भाजपने, ती योजना बंद केली नाही. ती मोडली कुणी? 2002 मध्ये, विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने. खासगी व्यापाऱ्याला दार उघडलं गेलं आणि एकाधिकारातला 'एक' गेला.

योगायोग बघा. त्याच 2002 च्या मार्चमध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. म्हणजे एकाच वर्षात बियाणं खासगी कंपनीकडून आणि विक्री खासगी व्यापाऱ्याला, असं कापसाचं दोन्हीकडचं टोक बाजाराच्या हातात गेलं. (पुढे 2009 मध्ये राज्याने कापूस बियाण्याची किंमत ठरवण्याचा कायदा केला. तोही काँग्रेस आघाडीच्याच काळात. त्यामुळे सगळंच सोडलं म्हणता येत नाही.)

मला विचाराल तर मक्तेदारी मोडणं चुकलं नाही. चुकलं ते हे, की तिच्या जागी दुसरं काही उभं केलं नाही. गावात साठवणूक नाही, कापसावर तारण कर्जाची सवय नाही, शेतकऱ्यांच्या मालकीचं जिनिंग अपवादाने. सरकार मधून निघून गेलं आणि रिकाम्या जागी ताडपत्री अंथरली गेली.

1983: पॅरिस आणि मुंबई

सगळा दोष 1991 च्या उदारीकरणावर टाकायची आपल्याला सवय आहे. पण त्याच्या आठ वर्षं आधी काय झालं ते बघा.

फ्रान्समध्ये 1981 ला समाजवादी फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले. बँका, मोठे उद्योग सरकारी मालकीचे केले, वेतन वाढवलं. महागाई आणि चलनाच्या घसरणीने दोन वर्षांत दम काढला आणि मार्च 1983 मध्ये त्यांनी काटकसरीकडे वळण घेतलं. युरोपातल्या डाव्यांच्या माघारीची गोष्ट बहुतेक जण इथून सुरू करतात.

त्याच 1983 मध्ये महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि त्यांनी विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनीअरिंग, मेडिकल कॉलेज काढायला परवानगी दिली. उच्च शिक्षण पैशावर उघडलं. या दोन घटनांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण दोन्हीकडे कारण सारखं होतं: सरकारच्या तिजोरीत पैसा नाही आणि श्रीमंतांवर कर लावायची हिंमत नाही. फरक एवढाच, की मितराँच्या निर्णयावर ग्रंथ लिहिले गेले आणि आपल्याकडे शिक्षणसम्राट तयार झाले.

युरोपात मग पुढे काय झालं?

थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांनी 1995 मध्ये लेबर पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम, म्हणजे उत्पादन साधनांच्या सामायिक मालकीचं वचन, बदललं. जर्मनीत एसपीडीच्या गेरहार्ड श्रोडर यांनी 2003 मध्ये 'अजेंडा 2010' आणला. बेरोजगारांची मदत आणि गरिबांची मदत एकत्र करून ती आखडती घेतली, अटी कडक केल्या. उद्योगांना ते आवडलं. कामगारांना नाही. 1998 मध्ये एसपीडीला 40.9 टक्के मतं होती, 2025 मध्ये 16.4 टक्के. ग्रीसचा पासोक तर कर्जसंकटात काटकसर राबवून 2009 च्या जवळपास 44 टक्क्यांवरून जानेवारी 2015 मध्ये 5 टक्क्यांच्याही खाली आला.

पण चित्र एकरंगी नाही. स्पेनच्या समाजवाद्यांनी किमान वेतन 2018 च्या महिना 736 युरोवरून 2025 मध्ये 1184 युरोवर नेलं, आणि अर्थव्यवस्था कोसळली वगैरे काही झालं नाही. डेन्मार्कच्या मेट फ्रेडरिक्सन यांनी लहान वयात अंगमेहनतीला लागलेल्यांना लवकर पेन्शन दिली, मात्र स्थलांतरितांबाबत उजव्यांनाही मागे टाकेल असं धोरण घेतलं. म्हणजे आपल्यातल्यांसाठी डावं, बाहेरच्यांसाठी उजवं.

आणि ब्रिटन? 2024 मध्ये केअर स्टार्मर यांचा लेबर पक्ष मोठ्या बहुमताने आला. आल्या आल्या बहुतेक वृद्धांची हिवाळ्यातली इंधन मदत कापली, वर्षभरात आरडाओरडा झाल्यावर बरीचशी परत दिली. त्याच सरकारने प्रवासी रेल्वे पुन्हा सरकारी मालकीत आणायचा कायदाही केला. (रेल्वे कुणाच्या मालकीची असावी यावर तिकडे निवडणुका होतात. आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे 'पीजे', 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होईल तेव्हा होईल, आमचा प्रश्न मालकीचा नाही, गाडीचा आहे.)

पुन्हा खानदेशात: धुळ्याची सभा

13 मार्च 2024. भारत जोडो न्याय यात्रा नंदुरबारमार्गे महाराष्ट्रात आली आणि धुळ्यात महिलांच्या सभेत राहुल गांधींनी पाच गॅरंट्या जाहीर केल्या. बातम्यांत गाजली ती पहिली: गरीब कुटुंबातल्या एका महिलेला वर्षाला एक लाख रुपये. पण त्याच यादीत दुसरी एक होती, जिच्यावर कुणी रील बनवलं नाही. आशा, अंगणवाडी आणि पोषण आहार कर्मचाऱ्यांच्या मानधनातला केंद्राचा वाटा दुप्पट करायचा.

माझ्या मते धुळ्याच्या सभेतली खरी डावी घोषणा ही दुसरी होती. अंगणवाडीताई सरकारचं काम करते पण सरकार तिला कर्मचारी मानत नाही, तिला पगार नाही, 'मानधन' मिळतं. तिची मजुरी वाढवणं म्हणजे मालक आणि कामगार यांच्या नात्यात हात घालणं. लाख रुपयांच्या घोषणेत तसं काही नव्हतं. तो पैसा मोठा होता, पण कुठलंच नातं बदलणारा नव्हता.

तीन महिन्यांनी, जूनच्या शेवटी, महायुती सरकारने लाडकी बहीण योजना आणली. महिना 1500 रुपये, वर्षाला सुमारे 46 हजार कोटींचा अंदाज. विधानसभेच्या वेळी महाविकास आघाडी म्हणाली 3000 देऊ, महायुती म्हणाली 2100 करू. कर्जमाफी दोघांच्याही जाहीरनाम्यात. आता सांगा, यातलं डावं कोण आणि उजवं कोण?

मतदारानेही तोच हिशोब केला असावा. जो आज 1500 देतोय तो, उद्या 3000 देईन म्हणणाऱ्यापेक्षा खात्रीचा. जळगाव जिल्ह्यातल्या 11 च्या 11 जागा महायुतीला गेल्या. जामनेर, म्हणजे आमच्या पहूरचा मतदारसंघ, 1995 पासून भाजपच्या गिरीश महाजनांकडे आहे, तिथे नवल नव्हतं. पण रावेर 2019 मध्ये काँग्रेसकडे होतं. फैजपूरच्या पट्ट्यातली ती जागाही गेली.

फक्त रोख रकमेमुळे आघाडी हरली असं मी म्हणणार नाही. जात, फुटलेले पक्ष, उमेदवार, पैसा, सगळंच होतं. पण रोख रकमेच्या शर्यतीत सत्तेत असलेला नेहमी एक पाऊल पुढे असतो, आणि विरोधकांनी ती शर्यत स्वतःहून निवडली.

मग 2004 ते 2014 चं काय?

इथे काँग्रेसच्या बाजूने बोलायला हवं. माहिती अधिकार 2005, रोजगार हमी 2005, वनहक्क कायदा 2006, अन्नसुरक्षा आणि नवा भूसंपादन कायदा 2013. हे सगळे कायद्याने मागता येणारे हक्क. वनहक्क कायद्याचा अर्थ जळगावच्या एसी खोलीत कळत नाही. यावल-चोपड्याच्या सातपुड्यात, धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवर जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या कसतो त्या जमिनीचा कागद त्याला पहिल्यांदा याच कायद्याने मिळू शकला. त्यासाठीही मोर्चे काढावे लागले, अजूनही दावे पडून आहेत, ही गोष्ट वेगळी.

पण त्याच सरकारने 2005 मध्ये सेझचा कायदा केला. त्याच 2005 मध्ये महाराष्ट्रातल्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने 1 नोव्हेंबरपासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. पुढे 2022-23 मध्ये राजस्थान, छत्तीसगड, हिमाचलमध्ये काँग्रेसनेच ती परत आणण्याचा निर्णय घेतला. एकच पक्ष, दोन दिशा. श्रोडरच्या पक्षाने जसा आधी कामगाराचा आधार कापला आणि नंतर किमान वेतनाचा झेंडा घेतला, तसंच.

आणि तिसरी कसोटी आठवतेय ना, पैसा कुणाचा? देशात वारसाहक्काच्या मालमत्तेवर कर होता, तो 1985 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने काढला. एप्रिल 2024 मध्ये सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल सहज बोलले तर काँग्रेसने एका दिवसात हात झटकले. खर्च डावा सांगायचा आणि कराचा विषय निघाला की खाली बघायचं. त्यामुळे होतं असं, की पैसा अखेर दुसऱ्या गरिबाच्या ताटातून येतो. 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निर्णय महायुतीचा होता. पण 3000 चं वचन देणाऱ्यांनी तरी पैसा कुठून आणणार होतो हे कुठे सांगितलं होतं?

तर उत्तर काय?

युरोपबद्दल: काही देशांत हो, बऱ्याच ठिकाणी अर्धवट, आणि स्थलांतरितांच्या बाबतीत जवळपास नाही.

महाराष्ट्राबद्दल: बाजारात उतरण्याची पहिली कसोटी 2002 मध्येच सुटली. हक्कांची दुसरी कसोटी 2013 पर्यंत चांगली पार पडली. अलीकडे ती कुठे दिसते तर राजस्थानात, जिथे काँग्रेस सरकारने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी आणि आरोग्याच्या हक्कासाठी कायदे केले. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या अडीच वर्षांत आठवतात ती कर्जमुक्ती आणि दहा रुपयांची शिवभोजन थाळी. थाळीने कोविडमध्ये अनेकांची पोटं भरली, हे खरंच. पण तो कायदा नव्हता. करांची तिसरी कसोटी कुणीच कधी दिली नाही.

यंदाच्या कापसाचंच घ्या. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमकं आमचा कापूस घरात येतो तेव्हा. विरोधी पक्षांनी टीका केली. हमीभावाला कायद्याचं कवच द्या ही मागणी काँग्रेसच्या 2024 च्या जाहीरनाम्यात होतीच.

पण जाहीरनाम्यातली हमी आणि पहूरच्या रस्त्यावरची ताडपत्री यांच्यामध्ये बरंच काही लागतं. सीसीआयची केंद्रं किती, ॲपवर नोंदणी कोण करून देणार, ओलावा कोण मोजणार, पैसे किती दिवसांत, आणि तोवर वेचणीवाल्या बाईची मजुरी शेतकऱ्याने कुठून द्यायची. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकांना मी हमीभावाच्या कायद्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "चांगलाच आहे ना बेटा. पन मंगळवारी मजुरांले पैसे देने हायेत, तवा कायदा येईन का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी चार क्विंटल खेडा खरेदीत देऊन टाकला.